समोर मोठा वकील, आपल्या बाजूला कोण?

प्रश्न :

ताई, माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, सासर विट्याच्या बाजूला. लग्नाला नऊ वर्षं झाली. मालकांचं कोइमतूरला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं दुकान आहे. वर्षातले काही महिने मी तिकडं असायची, बाकी सासू-सासऱ्यांजवळ. मारहाण तिकडं झाली, इकडंही झाली. दिवाळी झाल्यावर मला आणि पाच वर्षांच्या मुलीला माहेरी आणून सोडलं. मंगळसूत्र तेवढं अंगावर आहे, बाकी सगळं सोनं सासूबाईंच्या कपाटात. मी आता बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते. संरक्षण अधिकारी मॅडमनी अर्ज भरून दिला आणि तासगाव कोर्टात कौटुंबिक हिंसाचाराची केस दाखल झाली. सासरच्यांनी सांगलीचे मोठे वकील दिलेत. पुढच्या तारखेला अंतरिम अर्जावर युक्तिवाद आहे, असं क्लार्कनी सांगितलं. भाऊ म्हणतो, बाईच्या केसला सरकारी वकील असतोच, कशाला पैसे घालवायचे? एका वकिलांना विचारलं, तर त्यांची फी माझ्या कितीतरी महिन्यांच्या मजुरीएवढी. मोफत वकील मिळतो म्हणतात, पण फुकटचा वकील मन लावून काम करेल का? सासरकडून निरोप येतायत, केस काढून घे, गावात बसून मिटवू. मी एकटीच साहेबांपुढं बोलले तर चालणार नाही का?

– एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर :

ताई,

भावाचा गैरसमज आधी काढू. तो तसाच राहिला तर पुढच्या तारखेला तुमच्या बाजूने कुणीच उभं नसेल. तुमच्या या अर्जात सरकारी वकील नसतो. नवऱ्यावर पोलिसांत गुन्हा नोंदवला (पूर्वीचं ४९८अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५), तर तो खटला सरकार चालवतं आणि सरकारी वकील त्यात काम बघतो. तुमचा अर्ज मात्र कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातल्या कलम १२ खालचा. तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, म्हणजे फौजदारी कोर्टात चालतो, म्हणून भल्याभल्यांची फसगत होते. पण त्यातल्या मागण्या दिवाणी वळणाच्या : राहायला जागा, खर्चाला पैसे, सोनं परत, त्रास बंद. अर्जदार तुम्ही, सामनेवाले ते, आणि ज्याची बाजू त्याने मांडायची. सरकारी वकील साहेब त्याच कोर्टात टेबलापाशी बसलेले दिसतील, पण तुमचा पुकारा झाला तरी ते मान वर करणार नाहीत. ते त्यांचं कामच नाही.

संरक्षण अधिकारी मॅडमसुद्धा तुमच्या वकील नव्हेत. त्यांनी घटनेचा अहवाल कोर्टाला दिला, अर्ज भरायला मदत केली, नोटीस बजावली; हे सगळं कायद्याने त्यांच्यावर टाकलेलं काम आहे आणि तुमच्या बाबतीत ते त्यांनी केलेलं दिसतं. (सगळीकडे होतं असं नाही. संरक्षण अधिकारी नेमा, मोफत वकिलाचा हक्क बायकांपर्यंत पोचवा, हे २०२५ च्या मे महिन्यातही सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना बजावून सांगावं लागलं.) पण युक्तिवाद त्या करू शकत नाहीत. तुम्हाला विधी सेवेतून, म्हणजे मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेतून, वकील मिळवून देणं हेही त्याच कायद्याच्या कलम ९ प्रमाणे त्यांचं कर्तव्य आहे. ते त्यांना आठवण करून मागा.

आता एकटीने बोलण्याचं. चालतं. वकील लावलाच पाहिजे असं कायदा कुठेही म्हणत नाही, आणि अर्ज दाखल होईपर्यंत वकिलावाचून काहीच अडत नाही. तुमचंही अडलं नाही. पण या केसमध्ये दोन दिवस असे येतात की त्या दिवशी एकटीने उभं राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एक, अंतरिम अर्जाच्या युक्तिवादाचा. दुसरा, तुमच्या उलटतपासणीचा. पहिला तर तुमच्या दारात येऊन ठेपला आहे.

अंतरिम आदेश म्हणजे केसचा निकाल लागेपर्यंतची सोय, एवढंच बहुतेकांना वाटतं. कायदा म्हणतो, पहिली तारीख तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत. तालुक्याच्या कोर्टातला बोर्ड, म्हणजे दिवसाच्या केसेसची यादी, ज्याने पाहिला आहे त्याला हे साठ दिवस किती लांबतात ते सांगायला नको. तेव्हा निकालापर्यंतची सोय हीच मधल्या सगळ्या काळातली तुमची भाकरी. कलम २३ खाली शपथपत्रावर हा आदेश मिळतो, साक्षीपुरावा नंतर होतो. म्हणूनच समोरच्यांनी सांगलीहून वकील आणला तो याच टप्प्यावर.

सोन्यापासून सुरुवात करते, कारण तुमच्या केसमध्ये मला सगळ्यात घाईचं तेच वाटतं. तुमचा नवरा गलाईवाला. खानापूर-आटपाडीकडची ही माणसं देशभर सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहेत आणि कष्टाने वर आलेली आहेत, त्या धंद्याला मी काही बोलत नाही. पण ज्या घरात मूसच रोजची आहे तिथे पाटल्या, राणीहार, मुलीच्या बारशाच्या बिंदल्या यांची लगड व्हायला एक दुपार पुरते. त्यानंतर ते तुमचं होतं हे दाखवायचं कशावरून? कलम १८ मध्ये याची तरतूद आहे : कोर्टाच्या परवानगीशिवाय स्त्रीधनाची विल्हेवाट लावायची नाही, लॉकर उघडायचा नाही, असा मनाई आदेश मागता येतो. स्त्रीधन परत द्या, हा आदेश कलम १९ मधून. मॅडमनी भरलेल्या अर्जात ‘स्त्रीधन परत मिळावे’ अशी एक ओळ असेल, दागिन्यांची यादी नसेल आणि मनाईची मागणीही नसेल, असा माझा अंदाज. छापील नमुन्यावर भरलेल्या अर्जांत बहुधा असंच दिसतं. वकील पहिल्यांदा हेच बघेल आणि दुरुस्ती अर्ज देईल. अशी दुरुस्ती करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये कुनापारेड्डी प्रकरणात सांगितलेलं आहे. आजच रात्री बसून यादी करा : कोणता दागिना, अंदाजे किती तोळे, कुणी घातला, कुठल्या सराफाकडचा, लग्नाच्या कुठल्या फोटोत गळ्यात-हातात दिसतो. पावती नसली तर नसू दे. फोटो लाखमोलाचे असतात, आणि बस्त्याला बरोबर गेलेली आत्या-मावशी साक्षीला चालते.

दुसरी जागा, जिथे एकट्या बाईचा घात होतो. युक्तिवादाच्या दिवशी समोरचे वकील उठतात आणि अगदी शांतपणे म्हणतात, “साहेब, आम्ही नांदवायला तयार आहोत. आजच घेऊन जातो. गाडी खाली उभी आहे.” साहेब तुमच्याकडे बघतात. “काय बाई, जाता का नांदायला?” तुम्ही घाबरून, चिडून, रडवेल्या होऊन म्हणता, “नाही.” झालं. रोजनाम्यावर, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, नोंद येते की सामनेवाले नांदवण्यास तयार, अर्जदार नकार देते. पुढे हाच कागद घेऊन ते म्हणणार की बाई स्वतःहून माहेरी बसली आहे, पोटगी कसली मागते? जोडीला विट्याच्या कोर्टात नांदायला यावं म्हणून हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली दावाही टाकतील. माझ्या डोळ्यांदेखत हे इतक्यांदा झालं आहे की समोरचा वकील ‘गाडी’ हा शब्द काढतो तेव्हाच मला पुढचं वाक्य कळतं.

याला उत्तर आहे, पण ते त्या क्षणी सुचायला सराव लागतो. तुमचा वकील म्हणेल : अर्जदाराने घर सोडलेलं नाही, तिला आणून सोडलं आहे, मारहाण होणार नाही असा कलम १८ चा आदेश आधी व्हावा, दागिने तिच्या ताब्यात द्यावेत, आणि नवरा राहतो कोइमतूरला, तर ती नांदणार कुठे आणि कुणाजवळ हे त्यांनी शपथेवर सांगावं. नाहीतर कलम १९ प्रमाणे वेगळी जागा किंवा भाडं द्यावं. हे झालं की ‘नांदवायला तयार’ यातली हवा निघून जाते. नाइलाजाने एकट्याच असाल आणि प्रश्न आलाच, तर नुसतं ‘नाही’ म्हणू नका. “साहेब, मला जिवाची भीती आहे, आधी संरक्षण द्या, मग विचार करते,” एवढं म्हणा आणि ते लिहून घ्यायची विनंती करा.

तिसरा मुद्दा नवऱ्याच्या कमाईचा. ते शपथपत्रात लिहितील की दुकान चुलतभावाचं आहे, मी पगारावर कामाला आहे. गलाईच्या धंद्यात दुकान नात्यातल्या दुसऱ्याच्या नावावर असणं नवीन नाही, त्यामुळे ते खरंही असू शकतं. रजनेश विरुद्ध नेहा या निकालात, ४ नोव्हेंबर २०२० ला, सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही मालमत्ता आणि देण्याघेण्याचं सविस्तर शपथपत्र द्यायचं, बँकेच्या तपशिलासकट. आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. ते शपथपत्र समोरच्यांनी दिलंय का, नसेल तर ते आल्याशिवाय पुढे जाऊ नये, हे बोलायला तुमच्याकडून वकील हवा. तुमचंही असंच शपथपत्र लागतं आणि त्यात बेदाण्याच्या शेडवरची मजुरी लपवायची नाही. ती दडवली आणि समोरच्यांनी शेडवरचा फोटो दाखल केला, तर तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. मजुरी आहे म्हणून पोटगी मिळत नाही, असं नाही.

नवऱ्याच्या बाजूचं जे काही हाताला लागेल ते जमवा. दुकानाच्या पाटीसमोरचा फोटो, जीएसटीचा नंबर असलेलं बिल, त्यांनी तुम्हाला किंवा घरी पाठवलेल्या पैशांच्या ऑनलाइन नोंदी, गावाकडे बांधलेला बंगला, त्यांच्या नावाचा सातबारा (तो ऑनलाइन निघतो). व्हॉट्सअॅपचे मेसेज किंवा शिवीगाळीचं रेकॉर्डिंग असेल तर ते ज्या फोनमध्ये आहे तो फोन विकू नका, रिसेट करू नका. अशा पुराव्याबरोबर नव्या साक्ष अधिनियमातल्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते वकील तयार करून घेईल, पण मूळ फोन तुमच्याकडेच हवा.

आता तुम्हाला खरा सतावणारा प्रश्न : फुकटचा वकील.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकिलाचा हक्क कुणाकुणाला, याची यादी आहे. त्यात स्त्री ही एक स्वतंत्र नोंद आहे. बाई असणं एवढंच पुरे. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागत नाही, पिवळं रेशनकार्ड लागत नाही. तुमच्या मजुरीपायी नव्हे, तुम्ही बागायतदाराची मुलगी असतात तरी तो मिळाला असता. मी स्वतः वकिली करते, त्यामुळे विधी सेवेच्या पॅनेलवरच्या (यादीतल्या) वकिलांबद्दल जे बोललं जातं ते दोन्ही बाजूंनी माहीत आहे. सनद सगळ्यांची एकच असते. पॅनेलवर नवखे असतात, तसे मुरलेलेही असतात. काहीजण तारखेला फक्त हजेरी लावून जातात, हे खोटं नाही. पण भरपूर फी घेऊन ज्युनिअरला तारीख मागायला पाठवणारेही मी रोज बघते. वकील मन लावून काम करतो की नाही हे फीवर जितकं ठरतं, त्यापेक्षा पक्षकार त्याला किती तयार कागद देतो आणि किती वेळा विचारतो यावर ठरतं. बरं, दबक्या आवाजात विचारायची गरज नाही : मोफत नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून पैसे घ्यायचे नाहीत, असा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा नियम आहे. टायपिंगचे, झेरॉक्सचे म्हणून सारखी मागणी होऊ लागली, किंवा वकील तारखेला येईनासे झाले, तर समितीकडे लेखी अर्ज देऊन वकील बदलून मागता येतो. महिला वकील हवी असं सुरुवातीलाच लिहून दिलं तरी चालतं.

करायचं काय, तर तासगाव कोर्टाच्या इमारतीतच तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय विचारा. आधार कार्डाची झेरॉक्स, केस नंबर, अर्जाची प्रत न्या आणि तिथला फॉर्म भरा. तारीख कधी आहे ते फॉर्मवर ठळक लिहा आणि अर्ज दिल्याची पोच घ्या. तिथे कुणी भेटलं नाही, तर सांगलीला विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १५१०० हा त्यांचा मोफत फोन नंबर. नेमणुकीचं पत्र निघालं की वकिलांना भेटून वकीलपत्रावर सही करा. कोऱ्या कागदावर मात्र कुणाच्याही सांगण्यावरून सही नको, आमच्यापैकी कुणी मागितली तरी नको.

तारखेपर्यंत नेमणूक झालीच नाही तर? घरी बसू नका. पुकारा झाला की उभं राहून सांगा, “मी विधी सेवेकडे वकिलासाठी अर्ज केला आहे, ही पोच. वकील मिळेपर्यंत थोडी मुदत द्यावी, आणि तोवर माझे दागिने मोडू नयेत असा आदेश व्हावा.” नुसती मुदत मागितलीत तर ती त्यांच्याही सोयीची. दुसरी मागणी न विसरता जोडा.

पैसे देऊनच वकील लावायचा असं घरच्यांनी ठरवलं, तर फी कोणत्या टप्प्यापर्यंतची ते कागदावर घ्या आणि पावती मागा. पुढे पटलं नाही तर वकील बदलता येतो. फी बाकी आहे म्हणून तुमची फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलं आहे. आणि एक सांगून ठेवते. तुमचा वकील समोरच्या वकिलाबरोबर कँटीनमध्ये चहा घेताना दिसला तर लगेच ‘मॅनेज झाला’ म्हणून भावाने गावभर करू नये. तालुक्याच्या कोर्टात वकिलांच्या बार रूममध्ये सगळे एकाच टेबलावर डबा खातात. वकील खरंच ढिला पडतोय का, हे बघायचं असेल तर ई-कोर्ट्सच्या अॅपवर आपल्या केसचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र नंबर) टाका. मागच्या तारखेला काय झालं आणि पुढची कशासाठी नेमली, ते तिथे दिसतं. दर वेळी ‘समोरच्याने मुदत घेतली’ असं ऐकत असाल आणि अॅपवर ‘अर्जदार गैरहजर’ दिसलं, तर मग बोला.

वकिलांना पहिल्यांदा भेटाल तेव्हा नऊ वर्षांची हकिकत तोंडी सांगायला बसू नका. ती सांगताना रडू येतं, वेळ जातो आणि तारखा राहून जातात. शाळेच्या वहीचे दोन-तीन कागद घ्या आणि सालावार लिहा : कधी, कुठे, कुणी, काय केलं, कुणी पाहिलं, दवाखान्यात गेलात का. ‘नेहमी मारायचे’ हे कोर्टात टिकत नाही. ‘मुलगी सहा महिन्यांची असताना, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, कोइमतूरच्या खोलीत, शेजारची बाई सोडवायला आली’ हे टिकतं. तारीख आठवत नसेल तर सण, जत्रा, बागेची छाटणी असं काहीतरी सांगा. उलटतपासणीच्या दिवशी हाच कागद तुम्हाला वाचवेल, कारण समोरचा वकील तुम्हाला तारखांवरच गुंतवणार. कोइमतूरच्या गोष्टी तासगावात कशा चालतील, अशी शंका कुणी घातली असेल तर ती सोडा. तुम्ही सध्या जिथे राहता तिथल्या कोर्टात कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे अर्ज चालतो, आणि आदेश झाला की तो देशभर लागू होतो. जुन्या घटना वर्षापूर्वीच्या म्हणून बाद होत नाहीत. काही फौजदारी गुन्ह्यांना असते ती एक वर्षाची मुदत कलम १२ च्या अर्जाला लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. सासूबाई बाई आहेत म्हणून त्यांना वगळा, असा अर्ज आला तर त्यालाही सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर जागा उरलेली नाही.

राहिला गावात बसून मिटवायचा निरोप. तडजोडीच्या मी विरोधात नाही. पुष्कळ बायकांना घटस्फोट नको असतो, त्रास थांबायला हवा असतो, आणि ते मागणं पूर्ण रास्त आहे. पण क्रम उलटा करू नका. ‘आधी केस काढ, मग बसू’ याचा अर्थ आधी हातातला कागद टाका, मग बोलू. पाचशेच्या बाँडवर नोटरीसमोर नवऱ्याने ‘यापुढे मारणार नाही’ असं लिहून दिलं, तरी उद्या त्याने हात उगारला तर त्या बाँडने पोलीस त्याला या कायद्याखाली उचलत नाहीत. तेच कोर्टाच्या संरक्षण आदेशात असेल, अगदी अंतरिम आदेशात असलं तरी, तर तो मोडणं हा कलम ३१ प्रमाणे गुन्हा : एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, दखलपात्र आणि अजामीनपात्र. तेव्हा जे ठरेल ते दोन्ही वकिलांच्या सहीने कोर्टात दाखल होऊ दे आणि त्यावर साहेबांचा आदेश होऊ दे. बैठक घ्यायचीच असेल तर कोर्टामार्फत मध्यस्थीला घ्या. तिथे तुमचा वकील जवळ असतो. चावडीवर तुमच्या बाजूला भाऊ एकटा आणि समोर अख्खी भावकी. पोटगीची रक्कम थकली तर मात्र रस्ता वेगळा, त्यासाठी वसुलीचा अर्ज करावा लागतो. नवऱ्याला कुणाकडून पैसे यायचे असतील तर ते परस्पर तुम्हाला द्या, असंही कोर्ट कलम २० खाली सांगू शकतं.

तारखेला जाताना सोबत कुणीतरी न्याच. गावातली दहा माणसं ऐकायला येऊन बसतील आणि त्यांच्यापुढे बोलायची लाज वाटत असेल, तर कलम १६ खाली बंद दालनात सुनावणी मागता येते. वकिलांना आधी सांगून ठेवा. व्हरांड्यात कुणी दमदाटी केली तर भांडत बसू नका, तिथल्या पोलिसाला सांगा आणि पुकारा झाल्यावर साहेबांच्याही कानावर घाला. रात्री-अपरात्री घरी येऊन कुणी त्रास दिला तर ११२. नुसता सल्ला हवा असेल तर महिलांसाठी १८१ आहे.

आदेश मनासारखा झाला नाही, किंवा ठरलेली रक्कम अगदीच तुटपुंजी निघाली, तर त्या आदेशावर सत्र न्यायालयात अपील करता येतं. मुदत तीस दिवसांची. निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज द्या, कारण नक्कल हातात पडेपर्यंत दिवस कसे जातात ते कळत नाही. अपिलालाही विधी सेवेतून वकील मिळतो, फक्त त्यासाठी अर्ज नव्याने करावा लागतो आणि तो सांगलीच्या प्राधिकरणाकडे द्यायचा.